दोन मिलिमीटरची पट्टी

तळहातावर घेतली तर तिचं वजन जाणवतही नाही. दोन मिलिमीटर जाड, ऐंशी मिलिमीटर लांब, उंचीला नखापेक्षाही कमी अशी लोखंडाची पट्टी. एका कडेला किंचित गोलावा, दुसऱ्या कडेखाली बसणारी कमानदार स्प्रिंग. माझदाच्या '१३बी' या रोटरी इंजिनात अशा सहा पट्ट्या असतात. त्यांना अ‍ॅपेक्स सील म्हणतात. त्या सहाही शाबूत असतील तर दोन माणसांचं छोटं विमान मजेत आकाशात चढतं. एक जरी मोडली तर तिचे तुकडे धूर बाहेर पडायच्या वाटेने निघून जातात, आणि जाता जाता इंजिनाच्या आतली आरशासारखी भिंत खरवडून जातात.

त्या भिंतीवर नखाने परीक्षा होते. इंजिन खोललं, त्याचं कवच म्हणजे हाउसिंग टेबलावर आडवं ठेवलं, फडक्याने काजळी पुसली की आतल्या क्रोमच्या मुलाम्यावरून नख हलकेच फिरवायचं. चांगल्या भिंतीवर ते काचेवरून फिरावं तसं सरकतं. सील मोडलेल्या इंजिनात ते अडकतं. पिस्टनच्या इंजिनाशी हात खेळलेल्या माणसाच्या मनात लगेच येतं की सिलिंडर बोअर करून घेऊ, ओव्हरसाइज पिस्टन टाकू, काम होऊन जाईल. इथे तसं होत नाही. ही भिंत गोल नाही, तिला बोअर मारता येत नाही आणि पिस्टनच्या जागी फिरणारा रोटर ओव्हरसाइज कुणी बनवत नाही. रोटरी इंजिन पुन्हा बांधणं म्हणजे जखम बुजवणं नव्हे. कुठला भाग ठेवायचा आणि कुठला टाकायचा याचा निवाडा करणं, आणि ते सील मुळात मोडलंच का याचा छडा लावणं. माझ्या मते यातला दुसरा भाग मोठा आहे, आणि बहुतेक वेळा त्याचं उत्तर इंजिनाच्या बाहेर सापडतं.

हे सगळं जिथे घडतं ते जग आधी थोडं पाहू. अमेरिकेत स्वतःच्या गॅरेजात विमान बांधणं हा कायद्याने मान्य केलेला छंद आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिल्वॉकीत 'एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन' स्थापन केली. तिचा मेळावा १९७० पासून उन्हाळ्यात विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशला भरतो. विमानाचं निम्म्याहून जास्त काम हौशी माणसाने शिक्षणासाठी किंवा आनंदासाठी स्वतः केलेलं असलं की ते 'प्रायोगिक' वर्गात नोंदवता येतं. रिचर्ड व्हॅनग्रुन्सव्हेन यांच्या 'आरव्ही' मालिकेच्या किटवरून बांधलेली हजारो विमानं आज उडत आहेत. मराठी वाचकाला घरी बांधलेलं विमान म्हटलं की कांदिवलीत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर विमान उभारणारे अमोल यादव आठवतील. ते विमान २०१६ साली वांद्र्याच्या 'मेक इन इंडिया' प्रदर्शनात लोकांनी पाहिलं.

अमेरिकेतल्या या हौशी मंडळींपैकी बहुतेक जण लायकमिंगसारखं, विमानासाठीच बनवलेलं, हवेने थंड होणारं पिस्टन इंजिन बसवतात. ते महाग असतं, पण खात्रीचं. काही थोडे जण मात्र माझदाच्या मोटारीतलं रोटरी इंजिन निवडतात. त्यांची कारणं साधी आहेत. इंजिन आकाराने लहान, त्यात थरथर कमी, आणि त्यातून दीडशे ते दोनशे अश्वशक्तीच्या घरात ताकद निघते. मुख्य हलणारे भाग तीनच: दोन रोटर आणि एक शाफ्ट. प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग आधीपासूनच असतात, आणि विमानाच्या इंजिनाला दुहेरी इग्निशन हवंच असतं. व्हॉल्व्ह तुटून पिस्टनवर आदळणं, कनेक्टिंग रॉड मोडून क्रँककेस फोडून बाहेर येणं हे प्रकार इथे संभवतच नाहीत, कारण ते भागच नाहीत. एका रोटरचं सील गेलं तरी दुसरा रोटर बहुधा चालू राहतो, इंजिन खडखडतं, ताकद निम्म्याच्या आसपास येते, पण उतरायला जागा शोधण्याइतका वेळ मिळतो असं ही मंडळी आवर्जून सांगतात.

नावाचा एक गोंधळ इथेच निस्तरायला हवा. पहिल्या महायुद्धातल्या विमानांचीही इंजिनं 'रोटरी'च म्हणवली जात. फ्रान्सच्या सेग्विन बंधूंचं 'नोम' आणि त्याची भावंडं. पण त्यांत साधे पिस्टनच होते. फरक एवढाच की क्रँकशाफ्ट विमानाला पक्का जोडलेला असे आणि पंख्याबरोबर सगळे सिलिंडर गरगर फिरत. आपण बोलतोय ते वेगळं, जर्मनीच्या फेलिक्स वँकेल यांच्या कल्पनेतून आलेलं इंजिन.

त्याचं काम समजून घ्यायला भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग डोळ्यांपुढे आणा, मध्ये किंचित कंबर असलेली. हाउसिंगची आतली पोकळी अशा आकाराची असते. त्या शेंगेत फुगीर बाजूंचा एक त्रिकोण फिरतो, तो रोटर. त्याची तिन्ही टोकं सतत भिंतीला टेकलेली असतात, त्यामुळे भिंत आणि रोटर यांच्यामध्ये तीन खोल्या तयार होतात. रोटर फिरला की प्रत्येक खोली आळीपाळीने मोठी-लहान होत जाते. मोठी होताना हवा आणि पेट्रोल आत ओढलं जातं, लहान होताना दाबलं जातं, ठिणगी पडली की पेटलेला वायू फुगून रोटरला पुढे ढकलतो, आणि पुन्हा आकसताना धूर बाहेर जातो. चार टप्पे तेच. फक्त ते एकाच नळकांड्यात एकापाठोपाठ एक होण्याऐवजी शेंगेच्या चार वेगवेगळ्या जागी होतात. आत-बाहेरची भोकं रोटर स्वतःच फिरता फिरता उघडतो आणि झाकतो.

रोटर ज्या शाफ्टवर बसतो त्याचा गोल भाग मध्यापासून १५ मिलिमीटर बाजूला सरकवलेला असतो. रोटरच्या पोटात ५१ दात्यांचा गिअर असतो आणि तो बाजूच्या लोखंडी प्लेटवर पक्क्या बसवलेल्या ३४ दात्यांच्या गिअरभोवती लोळतो. या दात्यांच्या हिशेबामुळे रोटरचा एक फेरा होईपर्यंत शाफ्टचे तीन फेरे होतात. शाफ्ट मिनिटाला ६,००० फेरे घेत असेल तेव्हा रोटर २,०००च घेतो. एका रोटरची एक खोली ६५४ घन सेंटिमीटरची. दोन रोटर मिळून १,३०८. शाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात प्रत्येक रोटर एक ठोका देतो, म्हणजे दोन रोटरचं हे इंजिन ठोक्यांच्या संख्येत चार सिलिंडरच्या इंजिनाच्या बरोबरीला येतं.

कागदावर हे इतकं सुबक दिसतं की मोटार बनवणाऱ्या साऱ्या जगाने त्याच्यामागे धाव घेतली. अडलं ते एकाच ठिकाणी. पिस्टनची रिंग गोल असते, ती सिलिंडरला सगळीकडून सारखी चिकटते. रोटरच्या टोकाला मात्र रेषेएवढ्या जागेत, एका सरळ पट्टीने, सेकंदाला कित्येक मीटर वेगाने घासत, दोन्हीकडचा जळता वायू अडवायचा असतो. एन.एस.यू. कंपनीत १९५७ च्या फेब्रुवारीत वँकेल यांचं पहिलं इंजिन चाललं. त्याच कंपनीची 'आरओ ८०' ही मोटार १९६७ साली आली, पुढच्याच वर्षी युरोपात वर्षातली सर्वोत्तम मोटार ठरली, आणि सीलं झिजल्यामुळे परत येणाऱ्या इंजिनांच्या खर्चाने कंपनीचं कंबरडं मोडलं. हिरोशिमात माझदाच्या केनिची यामामोतो यांच्या ४७ अभियंत्यांच्या गटापुढेही हाच राक्षस उभा होता. काही तास इंजिन चालवलं की हाउसिंगच्या भिंतीवर लाटालाटांचे चरे उमटत. ते त्यांना 'सैतानाच्या नखांचे ओरखडे' म्हणत. सील भिंतीवर थरथरतं म्हणून चरे पडतात हे त्यांनी शोधलं, सीलची घडण बदलली, त्याचा धातू बदलला, आणि १९६७ साली 'कॉस्मो स्पोर्ट' रस्त्यावर आणली. विमानातही हे इंजिन तेव्हाच चढलं होतं. लॉकहीडच्या 'क्यू-स्टार' या चोरपावलांनी उडणाऱ्या प्रायोगिक विमानाला कर्टिस-राइटचं वँकेल इंजिन बसवलेलं होतं.

भिंतीचा मुलामा किती निर्णायक आहे याचा दाखला आपल्या घराजवळही आहे. 'निशांत' या भारतीय मानवरहित विमानासाठी ५५ अश्वशक्तीचं देशी वँकेल इंजिन तयार झालं, त्यात बंगळुरूची राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा आणि नगरची (आताचं अहिल्यानगर) 'व्ही.आर.डी.ई.' ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था यांचा वाटा होता. बंगळुरूकरांनी इंजिनाचा गाभा आणि त्याच्या भिंतीवरचा निकेल-सिलिकॉन कार्बाइडचा मुलामा विकसित केला, नगरकरांनी इग्निशन आणि इंधनाची यंत्रणा. मार्च २००९ मध्ये कोलारला ते इंजिन घेऊन 'निशांत' उडालं.

आता टेबलावरच्या बिघडलेल्या १३बी कडे येऊ.

खोलण्याआधी त्याची नाडी पाहायची असते. प्लग काढायचे, स्टार्टरने इंजिन फिरवायचं आणि कान द्यायचा. प्रत्येक रोटरच्या तीन बाजू असल्यामुळे प्लगच्या भोकातून 'फस्, फस्, फस्' असे तीन एकसारखे उसासे यायला हवेत. 'फस्, फस्' आणि मग नुसताच सुस्कारा, असं ऐकू आलं तर एक बाजू गेलेली आहे. तीनपैकी दोन लगतचे उसासे मंद असतील तर त्या दोन खोल्यांमधलं टोकाचं सील गेलंय असं समजायचं, कारण ते सील दोघींची सामाईक भिंत असतं. तिन्ही सारखेच मंद असतील तर झीज सगळीकडे आहे. रोटरीसाठी वेगळा कॉम्प्रेशन गेज मिळतो, तो तिन्ही बाजूंचे आकडे सुटे दाखवतो. मिनिटाला २५० फेऱ्यांवर चौरस सेंटिमीटरला सहा किलोच्या खाली दाब आला की इंजिन खोलायची वेळ झाली असं कारखान्याचं माप सांगतं. साध्या पिस्टनच्या गेजवर तिघांपैकी सर्वांत चांगल्या बाजूचाच आकडा टिकून राहतो आणि आजारी बाजू लपून जाते. पुष्कळ जण इथेच फसतात.

इंजिनाची रचना पुडाच्या जेवणाच्या डब्यासारखी आहे. लोखंडी प्लेट, अ‍ॅल्युमिनियमचं हाउसिंग, लोखंडी प्लेट, पुन्हा हाउसिंग, पुन्हा प्लेट असे पाच पुडे एकावर एक, आणि डब्याच्या दांडीच्या जागी आरपार जाणारे लांबलचक बोल्ट. फ्लायव्हीलचं नट ५४ मिलिमीटरचं. ते सोडवायला माणसाच्या उंचीचा पाइप पान्ह्यात घालावा लागतो. ते एकदा निघालं आणि लांब बोल्ट सुटले की पुडे एकेक करून वर उचलता येतात. घाई करायची नाही. प्रत्येक रोटरवरचं प्रत्येक सील कुठल्या बाजूचं, कुठल्या टोकाचं हे चिठ्ठी लावून वेगळ्या पुडीत ठेवायचं. एका रोटरवर तीन अ‍ॅपेक्स सील, सहा कोपऱ्यांची गोल सीलं, कडेने धावणारी सहा बाजूची सीलं आणि दोन्ही तोंडांवर मिळून चार तेलाच्या रिंगा. जवळजवळ प्रत्येकामागे एक स्प्रिंग. हे सगळं खोललेलं टेबल सोनाराच्या पेढीसारखं दिसतं.

आणि त्या टेबलावर इंजिनाचा इतिहास पडलेला असतो. सील मोडलंय आणि रोटरच्या टोकाशी टाचणीने टोचल्यासारखे खड्डे आहेत, तर आत नॉकिंग झालेलं आहे: पेट्रोल कमी पडलं किंवा ठिणगी वेळेआधी पडली, वायू जळण्याऐवजी स्फोटासारखा फुटला. सीलं शाबूत आहेत पण बाजूच्या सीलांखालच्या स्प्रिंगा चेपून सपाट झाल्यात, इंजिन थंड ठेवणारं पाणी पुड्यांमध्ये अडवून धरणाऱ्या रबरी रिंगा कडक होऊन तुटतायत, तर इंजिन बेसुमार तापलेलं आहे. बेअरिंगचा वरचा थर उडून तांबं दिसतंय, तर तेल पुरलेलं नाही. एकाच खोलीची भिंत स्वच्छ धुतल्यासारखी चकाकतेय आणि बाकी काजळी आहे, तर तिथे पाणी शिरत होतं. वाफेने ती धुतली गेली. मोडलेलं इंजिन पुसायच्या आधी त्याचे भरपूर फोटो काढावेत. पुसलं की पुरावा गेला.

मग मापं. बाजूच्या लोखंडी प्लेटवर सरळपट्टी उभी धरून खाली फिलर गेज सरकवायचा, ०.०४ मिलिमीटरहून जास्त वाक असेल तर प्लेट बाद. बाजूच्या सीलांनी घासून पडलेली पायरी डायल गेजने मोजायची, ०.१० मिलिमीटरच्या पुढे गेली तर ती प्लेटही बाद, किंवा घासून सपाट करून घ्यायची, पण घासताना वरचा नायट्राइडचा कडक थर निघून जातो हे लक्षात ठेवूनच. एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरच्या वर. आपण इथे सुताच्या तिसाव्या हिश्शावर भांडतोय. रोटरच्या टोकाची खाच फाकली असेल तर नवं सील तिच्यात डुलतं, म्हणून रोटर बदलायचा. रोटर बदलायचा तर वजन जुळवायचं. कारखान्यात प्रत्येक रोटरवर ए ते ई असं वजनाच्या वर्गाचं अक्षर ठोकलेलं असतं. हाउसिंगच्या भिंतीचा क्रोम कडेला सोलायला लागला असेल किंवा चर पडला असेल, तर मन घट्ट करून ते हाउसिंग बाजूला ठेवायचं. नवीन हाउसिंग महाग आहे, दुरुस्तीच्या खर्चाचा सर्वांत मोठा आकडा तोच असतो, आणि म्हणूनच 'एवढ्याशा ओरखड्याने काय होतंय' हे वाक्य याच घडीला तोंडात येतं. मोटारीत ते वाक्य खपून जाईल. रस्त्याकडेला गाडी लावता येते.

सीलं नवीनच टाकायची, यावर कुणाचं दुमत नाही. कुठल्या धातूची, यावर मात्र भरपूर आहे. कारखान्याचं बिडाचं सील, कडेला कडक केलेलं, भिंतीशी जपून वागतं पण नॉकिंग झालं की काचेसारखं तुटतं. काही दुकानदारांची मऊ पोलादी सीलं तुटण्याऐवजी वाकतात, त्यामुळे भिंत वाचते. पण ती झिजतात लवकर. सिरॅमिकची सीलं हलकी आणि टिकाऊ, किमतीला भारी, आणि मोडलीच तर त्यांचे तुकडे निर्दय. शर्यतीच्या मोटारीसाठी मी काही सांगणार नाही, पण तासन्तास एकाच वेगाने चालणाऱ्या विमानाच्या इंजिनाला कारखान्याचं सील पुरेसं आहे, नॉकिंग होऊ न देणं हाच खरा उपाय, असं माझं स्पष्ट मत आहे.

जोडणीच्या दिवशी व्हॅसलीनची डबी लागते. विनोद नाही, कारखान्याच्या पुस्तकातही पेट्रोलियम जेली सांगितलेली आहे. रोटर उलटा करून प्लेटवर उतरवताना खालच्या बाजूची सीलं गळून पडू नयेत म्हणून ती व्हॅसलीनमध्ये चिकटवतात. बाजूचं सील आणि कोपऱ्याचं सील यांच्यामध्ये ०.०५ ते ०.१५ मिलिमीटरची फट हवी; म्हणून प्रत्येक बाजूचं सील बारीक कानशीने टोकाला घासायचं, बसवून पाहायचं, पुन्हा घासायचं. फट कमी राहिली तर तापल्यावर सील फुगून अडकतं, जास्त राहिली तर दाब गळतो. दोन रोटरची अशी बारा सीलं. या कामाला एक आख्खी दुपार जाते, आणि ती जायलाच हवी. पाण्याच्या रबरी रिंगा खाचेत बसताना कुठे पीळ पडला तर नंतर काही दिसत नाही. पुडे दाबले की तो पीळ आत गाडला जातो आणि महिन्याभराने पांढरा धूर होऊन बाहेर येतो. लांब बोल्ट मधून बाहेर अशा ठरलेल्या क्रमाने, दोन-तीन फेऱ्यांत, ३२ ते ३९ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. प्रत्येक फेरीनंतर शाफ्ट हाताने फिरवून पाहायचा. कुठे अडला तर थांबायचं.

आणि मग या इंजिनाचा तो कुप्रसिद्ध सापळा. शाफ्ट पुढे-मागे किती सरकतो हे डायल गेजने मोजून ०.०४ ते ०.०७ मिलिमीटरमध्ये आणायचं असतं. त्यासाठी योग्य जाडीची चकती निवडतात. तिच्याजवळ सुयांच्या आकाराच्या रोलरचं पातळ थ्रस्ट बेअरिंग असतं, आणि त्याला जागेवर धरून ठेवणारा एकच बोल्ट, शाफ्टच्या पुढच्या टोकाचा. पुढचं कव्हर बसवल्यानंतर काही कारणाने तो बोल्ट पुन्हा सैल केला आणि शाफ्ट जरासा मागे सरकला, तर आतलं बेअरिंग आवाज न करता जागेवरून खाली घसरतं. वरून काही दिसत नाही. बोल्ट पुन्हा आवळला की ते चिरडतं. म्हणून जाणकार इंजिन नाक वर करून उभं ठेवल्याशिवाय त्या बोल्टला पाना लावत नाहीत, आणि आवळल्यावर सरकाव पुन्हा मोजतात. आधीपेक्षा आकडा बदलला असेल तर कव्हर काढून बघतात, कितीही उशीर झालेला असो.

इतकं नीट बांधलेलं इंजिन त्याच विमानात, त्याच नळ्यांना, त्याच रेडिएटरला जोडलं तर काय होईल? जे आधी झालं तेच. विमानातल्या रोटरीच्या तक्रारींचा माग काढत गेलं की तो बहुतेक वेळा इंजिनात न संपता त्याच्या भोवतीच्या घरगुती जोडकामात संपतो, असं मला या विषयातलं जे काही वाचलं-पाहिलं त्यावरून दिसतं. लायकमिंग घेणाऱ्याला पिढ्यान्पिढ्या घासूनपुसून तयार झालेली अख्खी मांडणी आयती मिळते. माझदाचं इंजिन घेणाऱ्याला थंड ठेवण्याची व्यवस्था, पेट्रोलचे पंप, इंजेक्शनचा संगणक, धुराचा नळ, गिअरबॉक्स, सगळं स्वतः मांडावं लागतं.

यात सर्वांत फसवी गोष्ट थंड ठेवण्याची. रोटरीत ठिणगी नेहमी हाउसिंगच्या एकाच बाजूला पडते, थंड हवा नेहमी दुसऱ्या बाजूने येते. त्यामुळे एक बाजू कायम तापलेली, दुसरी कायम थंड. त्यात अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या दुपटीने प्रसरण पावतं. पाणी पुरेसं फिरत असेपर्यंत हा बेबनाव सांभाळला जातो. पाणी कमी पडलं की अ‍ॅल्युमिनियम दोन लोखंडी प्लेटांमध्ये फुगतं, मऊ पडून चेपतं, आणि थंड झाल्यावर पूर्वीच्या उंचीला येत नाही. मग रबरी रिंगांवरचा दाब गेला, पाणी आत, वायू पाण्यात. शिवाय उष्णतेचा साधारण तिसरा हिस्सा तेल वाहून नेतं, कारण रोटर आतून तेलानेच थंड होतो. म्हणून तेलाचा कूलर पाण्याच्या रेडिएटरइतकाच मनावर घ्यावा लागतो. पैसे वाचवायला अनेकांनी मोटारीच्या वातानुकूलनातले इव्हॅपोरेटर रेडिएटर म्हणून वापरले, आणि ते चाललेही. पण ज्यांच्याकडे हवा नीट पोचली त्यांचेच. रेडिएटर मोठा लावून उपयोग नाही, त्याच्या पुढचं तोंड महत्त्वाचं. लहान भोकातून आलेली वेगवान हवा हळूहळू रुंदावणाऱ्या वाटेने मंद करत, दाब वाढवत रेडिएटरच्या पूर्ण तोंडावर पसरवायची असते. डीट्रिश क्युशेमान आणि योहाना वेबर यांनी १९५३ सालच्या ग्रंथात अशा वाटांचे आकार मांडले, आणि आजही घरी विमान बांधणारे फोम तासून त्याच आकारांवर फायबरग्लास चढवतात.

पेट्रोलचंही तसंच. इंजिन झाकणाऱ्या गरम काउलखाली नळीत वाफ धरली की मिश्रण विरळ होतं, विरळ मिश्रणातून नॉकिंग, नॉकिंगमधून मोडलेलं सील. नळ्यांची वाट बदलणं, त्यांना उष्णतेपासून झाकणं, दुसरा पंप स्वतंत्र वायरिंगवर ठेवणं ही कामं इंजिन बांधण्यापेक्षा कंटाळवाणी आहेत, पण नव्या सीलचं आयुष्य तीच ठरवतात. सीलला वंगण म्हणून तेल पोचवणारा छोटा पंप काढून पुष्कळ जण पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक तेल मिसळतात, आपण लुनात मिसळायचो तसं. तेही चालतं, मात्र दरवेळी न विसरता.

गिअरबॉक्सशिवाय तर गत्यंतरच नाही. १८० सेंटिमीटर व्यासाचा पंखा मिनिटाला ६,००० फेऱ्यांनी फिरवला तर त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला ५६५ मीटर होतो, ध्वनीच्या वेगाच्या कितीतरी पुढे. तिथे पंख्याची ताकद नुसत्या आवाजात जाते. फेरे २,१०० पर्यंत उतरवले की टोक २०० मीटरच्या आत येतं. इंजिन पुन्हा बांधताना गिअरबॉक्सही उघडावा, कारण सीलचे बारीक तुकडे आणि बेअरिंगचा कीस तेलाबरोबर कुठेही पोचलेला असतो. तेलाचा कूलर तर धुऊन साफ होत नाहीच. तो नवा घ्यावा.

प्रमाणित नसलेलं इंजिन असलेल्या अशा विमानाला अमेरिकेत सुरुवातीची, साधारणपणे ४० तासांची, चाचणी उड्डाणं ठरवून दिलेल्या हद्दीतच पुरी करावी लागतात. विमान बांधणाऱ्याला त्याच विमानाच्या वार्षिक तपासणीचा परवाना मिळू शकतो. म्हणजे हाउसिंगवर नख फिरवणारा, ते ठेवायचं की टाकायचं हे ठरवणारा, तपासणीच्या वहीत सही करणारा आणि त्या इंजिनामागे बसून उडणारा माणूस एकच असू शकतो.

पहिल्यांदा इंजिन चालवायचं ते विमानाची शेपटी खांबाला दोरखंडाने बांधून, चाकांना ठोकळे लावून. आधी इग्निशन बंद ठेवून स्टार्टरने फिरवत तेलाचा दाब आणायचा. मग थोडा वेळ मंद, बंद, थंड; पुन्हा थोडं जास्त, बंद, थंड. पाण्याच्या टाकीत बुडबुडे येतात का ते पाहायचं, तेल गाळून त्यात चकाकी आहे का ते बघायचं, आणि थंड इंजिनावर पाण्याच्या पातळीला टाकीवर पेनने रेघ मारून ठेवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी त्या रेघेवर असेल तर पुढचं काम सुरू करा. रेघेखाली गेलेलं असेल आणि जमिनीवर थेंब नसेल, तर ते इंजिनाच्या आत आहे, पुन्हा खोला.